नागफणीचा कडा आणि ड्यूकचे नाक

कडा म्हणावा असा डोंगर आमच्या मालगुंडात नाही. समुद्र आहे, माडा-पोफळीच्या वाड्या आहेत आणि वाड्यांच्या वर चढून गेले की जांभ्याचा उघडा सडा. केशवसुतांचा जन्म इथला, १८६६ सालचा. त्यांचे स्मारक पाहायला मंडळी गणपतीपुळ्याच्या वाटेने येतात आणि त्याच वाटेने परत जातात. दोर खांद्यावर टाकून या गावात कोणी येत नाही. तेव्हा खंडाळ्याच्या नागफणीवरच्या पुस्तकाला मालगुंडच्या माणसाची प्रस्तावना कशाला, असे कोणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. संकलकांनी गळ घातली तेव्हा मीही त्यांना हेच विचारले. त्यांचे म्हणणे असे की कड्यावर चढणाऱ्यांनी आपल्या चढाईविषयी पुष्कळ लिहिले आहे. कडा कोणत्या दगडाचा आहे आणि त्याला हे नाव कसे पडले, याकडे मात्र बहुतेकांनी ओझरतेच पाहिले. या दोन गोष्टींवर दोराशी संबंध नसलेल्या माणसाने लिहावे, असा त्यांचा आग्रह. तो मी मान्य केला, कारण दगड आणि नाव या दोन्हींचा नाद मला जुना आहे आणि तो गावातच लागला.

आमच्याकडे दगड दोन: जांभा आणि काळवत्री. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, पण जाते, पाटा, वरवंटा काळवत्रीचा. चिरेखाणीतून नुकता निघालेला चिरा नरम असतो, हत्यार सहज घेतो. वारा-ऊन लागले की टणक होत जातो. काळवत्रीला असला लोभसपणा नाही. ती पहिल्या घावापासून वैर धरते. लहानपणी या दोन दगडांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे स्वप्नातही आले नव्हते. पुढे वाचनात आले की कोकणातला पुष्कळसा जांभा हा काळवत्रीचाच उरलासुरला अंश आहे. भरपूर पाऊस आणि उष्ण हवा यांत काळा खडक युगानुयुगे कुजत राहिला, त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोखंडाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. जांभ्याचा तांबडा रंग तो या लोखंडाचा. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टराने केरळात अंगडिपुरमजवळ हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याला लॅटिनमधल्या विटेवरून ‘लॅटराइट’ म्हटले. आमचे पाथरवट त्याला पिढ्यान्‌पिढ्या जांभाच म्हणत आले होते, पण भूशास्त्राच्या जगभरच्या पुस्तकांत गेले ते बुकाननचे नाव. नागफणीची हकीकत याच जातीची आहे, फक्त तिथे दगडाऐवजी अख्खा डोंगर आहे आणि लॅटिनऐवजी एका सेनापतीचे नाक.

खंडाळ्याजवळ, कुरवंडे गावाच्या वर, घाटमाथा जिथे संपतो आणि कोकणात सरळ उडी घेतो तिथे हा सुळका पुढे झुकून उभा आहे. कुरवंड्यातून चढले तर माथा लांब नाही. शेवटच्या टप्प्यात आधाराला लोखंडी कठडे आहेत आणि वर महादेवाचे छोटे देऊळ. खंडाळा स्टेशनाकडून येणारी दुसरी वाट ओढ्याच्या पात्रातून आणि रानातून येते, मध्ये कातळाचा एक टप्पा चढायला लावते आणि अंगातला घाम पुरता काढते. माथ्यावरून एका बाजूला राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोड बालेकिल्ले दिसतात, दुसऱ्या बाजूला पायांखाली कोकण पसरलेले असते. गावाच्या तोंडी या डोंगराचे नाव नागफणी. मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहकांच्या तोंडी ड्यूक्स नोज, आणि घाईत असले की नुसते नोज. ‘रविवारी नोजला जातोय’, ‘नोजवर रॅपलिंग आहे’, ‘नोजची व्हॅली क्रॉसिंग केलीस का?’ अशी ती भाषा. प्रस्तरारोहणाची हौस असलेल्या मुंबईकराने आयुष्यात एकदा तरी या नाकाच्या शेंड्यावरून दोराला लोंबकळावे, असा जणू दंडकच आहे.

आधी दगड पाहू, कारण नावाच्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांचा अंत झाला त्या काळाच्या आसपास, दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. जपानच्या फुजीसारखा एखादा शंकू उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून आग ओकली गेली, असे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. इथला लाव्हा पातळ होता, पसरत गेला, थिजून त्याची काळवत्री झाली. काही काळ शांततेत गेला, पुन्हा वरून नवा लोट आला. असे थरावर थर साचत गेले. आजही या खडकाने जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. दोन लोटांमध्ये पुरेसा काळ गेला असेल तर खालच्या थराच्या माथ्याची माती होई, आणि वरून आलेल्या तापलेल्या लाव्ह्याने ती भाजून निघे. घाटात रस्त्याच्या कापलेल्या कुशीत काळ्या खडकाच्या दोन पट्ट्यांमध्ये वीटकरी रंगाची एक रेघ दिसते ती ही. गाडी घाटात अडकली तर शिव्या देण्याऐवजी ती रेघ शोधावी, वेळ बरा जातो.

सगळे थर एका गुणाचे नसतात, आणि चढणाऱ्याच्या दृष्टीने सगळी गंमत याच फरकात आहे. जाड, एकसंध लोट सावकाश निवला की आकसताना त्याला उभ्या चिरा पडतात. असा थर उभाच्या उभा तुटतो आणि त्याचा कडा होतो. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीत या आकसण्याने तयार झालेले उभे दगडी खांब भर शहरात पाहायला मिळतात. दुसऱ्या प्रकारात लाव्हा लहान लहान जिभांनी पुढे सरकतो आणि त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहतात. असा थर घावनासारखा जाळीदार होतो. पुढे त्या भोकांत पाणी झिरपून पांढरे, हिरवट स्फटिक धरतात. हेच झिओलाइट, ज्यांना आपण सरसकट गारगोट्या म्हणतो आणि जे पुणे-नाशिककडचे जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत. हा जाळीदार थर लवकर झिजतो. त्याचा उतार होतो, उतारावर माती धरते, मातीवर गवत येते. सह्याद्रीच्या कोणत्याही कड्याकडे लांबून पाहा: काळी उभी भिंत, मग गवताची हिरवी पट्टी, पुन्हा भिंत, पुन्हा पट्टी. हा सगळा हिशेब थरांच्या स्वभावाचा आहे. चढाईच्या बोलीत ज्याला ‘पॅच’ म्हणतात तो बहुधा एकसंध थर असतो आणि दोन पॅचांच्या मध्ये जिथे बूड टेकून पाणी प्यायला मिळते ती जागा जाळीदार थराची.

जवळून पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. लीड करणारा गडी होल्ड धरण्याआधी दगडावर हाताच्या मुठीने किंवा हातोडीने ठोकतो. दगड ठणकन वाजला तर अंगाचा भार टाकायचा. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे, खपली सुटलेली आहे, हात काढून घ्यायचा. जाळीदार थरात स्फटिक गळून गेलेली खळगी असतात. त्यांत दोन बोटे छान बसतात, पण खळग्याची कड किती पक्की आहे हे बोट टाकल्यावरच कळते. एकसंध थरात उभी भेग मिळाली तर मेख ठोकता येते, भेग रुंद असेल तर पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लावून ‘चिमणी’ चढता येते. आणि जिथे भेगही नाही, खळगीही नाही, तिथे छिद्र पाडून बोल्ट मारायचा. सह्याद्रीतल्या पावसात लोखंड टिकत नाही. जुन्या बोल्टवर विसंबणे म्हणजे जीव दुसऱ्याच्या जुन्या हिशेबावर टाकणे. संकलकांनी पुढे वाटांच्या वर्णनात हे जागोजागी बजावले आहे, ते वाचकाने नजरेआड करू नये.

या दगडाची पारख गिर्यारोहकांनी पहिल्यांदा केली असे नाही. याच टापूत कार्ले, भाजे, बेडसे आणि राजमाचीच्या पायथ्याची कोंढाणे ही लेणी आहेत. ती कोरणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी एकसंध थर नेमका हेरला. अलीकडचा पुरावा हवा तर भोर घाटाचा लोहमार्ग घ्यावा. त्याचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढली. आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले ते १८६७ साली. म्हणजे घाटातले बोगदे फुटले ते साध्या सुरुंगाच्या दारूने, पहारीने आणि मजुरांच्या हाडांनी. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ साली इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची विधवा ॲलिस हिने ते कंत्राट तडीस नेले. हजारो मजूर रोगराईत आणि अपघातांत मेले. त्यांची नावे मात्र कोणत्याही बोगद्यावर नाहीत.

आता नाव.

आर्थर वेलस्ली १७६९ साली आयर्लंडमध्ये जन्मला. १८०३ च्या एप्रिलात तो फौज घेऊन पुण्यात आला, पळून गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाला त्याने पुन्हा गादीवर बसवण्याची वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी तो लढला व जिंकला. मराठी राज्याचे कंबरडे मोडणाऱ्या लढायांत असईचे नाव वरचे आहे. पण तेव्हा तो ड्यूक नव्हता. ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा किताब त्याला मिळाला १८१४ साली, आणि पुढच्या वर्षी वॉटर्लूला नेपोलियनला हरवल्यावर तो इंग्लंडच्या घराघरांत पोचला. म्हणजे खंडाळ्याच्या सुळक्याला ‘ड्यूकचे नाक’ म्हणणारे इंग्रज हे त्यानंतरचे, घाटात बंगले बांधून हवा खायला येऊ लागलेल्या काळातले म्हणायला हवेत. ड्यूकचे नाक बाकदार आणि ठसठशीत होते, त्याचे शिपाईच त्याला मागून ‘नोजी’ म्हणत, आणि व्यंगचित्रकारांनी ते नाक इतके काढले की माणूस न पाहताही लोक ते ओळखत. घाटातल्या बंगल्याच्या व्हरांड्यातून सुळक्याची बाजू पाहणाऱ्या साहेबाला ते आठवले, तर नवल नाही. आकार जुळतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण फणा उभारलेल्या नागाशी तो त्याहून अधिक जुळतो, हे माझे मत. त्यात पक्षपात असेल तर असो.

१८३० साली भोर घाटातला गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला, तेहतीस वर्षांनी आगगाडी आली आणि या दोन्हींनी इंग्रजी नावाचे काम पक्के केले. घाटात जुन्या मार्गावर रिव्हर्सिंग स्टेशन होते. तिथे गाडी थांबून उलट दिशेने निघे आणि उतारूंना आजूबाजूचे डोंगर न्याहाळायला सवड मिळे. १९२९ साली नवा मार्ग झाला, ते स्टेशन बंद पडले. १९३० साली डेक्कन क्वीन धावू लागली. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे नाव विचारले की शेजारचा माहितगार उतारू जे सांगे ते नाव पुढे जाई. खाली कुरवंड्यात उतरून विचारणारा विरळा. द्रुतगती महामार्गावरून जाणारे आज तेच करतात, फक्त उतारूच्या जागी फोन असतो.

गाडीच्या खिडकीतून जे दिसत नाही ते असे. नागफणीच्या कुशीतून कुरवंडे घाटाची जुनी वाट कोकणात उतरते, आणि ती जिथे दाट रानात, अंबा नदीच्या खोऱ्यात जाते तिथे उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाहिस्तेखानाने धाडलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन याच बाजूने खाली उतरला. बरोबर रायबाघन ही वऱ्हाडातली लढवय्यी सरदारीण होती. घाट उतरून झाला, पुढे अरुंद खिंड, दोन्ही अंगांना झाडीत शिवाजी महाराजांचे लोक. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. पाण्यावाचून घशाला कोरड पडलेल्या खानाने अखेर शरण येऊन वाट मागून घेतली. चावणी गावाजवळ आज त्या समरभूमीचे स्मारक आहे. थोड्या लोकांनी मोठ्या फौजेला केवळ भूगोलाच्या जोरावर कसे नमवावे, याचा हा धडा आहे. असईच्या १४२ वर्षे आधी हा डोंगर या लढाईच्या माथ्यावर उभा होता. आणि त्याला नाव चिकटले ते अशा सेनापतीचे, ज्याची मुख्य कामगिरी इथून हजारो मैलांवर झाली. चीड यावी अशी ही गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही, पण हसू यायला हरकत नाही.

साहेबाला नावे ठेवून मोकळे व्हावे, तर आपले मुंबईकर गिर्यारोहकही आडवे येतात. १९५४ साली मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली आणि पुढच्या दशकांत दोर, मेखा, कॅराबिनर घेऊन मराठी मुले सह्याद्रीच्या सुळक्यांवर जाऊ लागली. मुंब्र्याच्या खडकांवर हात घोटायचे आणि मग मोठ्या कड्यांना भिडायचे, असा तो रिवाज. या मुलांनी जुन्नरजवळच्या जीवधन किल्ल्याला लागून उभ्या सुळक्याला काय म्हणावे? गावात त्याचे नाव वानरलिंगी. शहरात ते झाले ‘खडा पारशी’, म्हणजे भायखळ्याला उंच खांबावर उभा असलेला पारशी शेठचा पुतळा. मनमाडजवळ रेल्वेतून दिसणारी हडबीची शेंडी ही ‘थम्स अप’ झाली. व्हरांड्यातल्या साहेबाने जे केले तेच भायखळ्याच्या पुलाखालून रोज जाणाऱ्याने केले: जे ओळखीचे होते ते डोंगरावर नेऊन बसवले. मला यात दोष दिसत नाही. नावे अशीच पडतात. माहुलीच्या सुळक्यांना नवरा, नवरी, भटोबा म्हणणाऱ्यांनीही आपल्या मांडवातली माणसेच तिथे पाहिली. फरक पडतो तो पुढे: एक नाव छापले जाते आणि दुसरे म्हाताऱ्या माणसांबरोबर जाते.

कळसूबाईचे नशीब या बाबतीत चांगले. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. त्याचे नाव एका मुलीचे. ती एका घरी कामाला राहिली ती भांडी घासणार नाही, केर काढणार नाही या अटीवर. अट मोडली तशी ती रागाने डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली, अशी कथा सांगतात. तिच्यावर कोणाही साहेबाचे नाव बसले नाही. डोंगराखालच्या बारी गावापासून वरच्या देवळापर्यंत लोक त्या मुलीला अजून भेटायला जातात, म्हणून ते नाव टिकले. जिथे जत्रा आहे, नवस आहे, तिथे नाव सहसा बदलत नाही. मलंगगडाला इंग्रजी नाव देणारे होतेच. मलंगगडाच्या रांगेला ते ‘कॅथीड्रल’ म्हणत. पण आज ते नाव फार थोड्यांच्या ओठांवर आहे.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे इथे सांगावीशी वाटतात. पहिले सर्वांना ठाऊक असलेले. १८५२ च्या सुमारास राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीने ‘शिखर १५’ हे जगातले सर्वांत उंच ठरले. सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ याने स्थानिक नाव सापडत नाही असे सांगून आपल्या आधीच्या सर्व्हेअर जनरलचे, जॉर्ज एव्हरेस्टचे, नाव सुचवले. खुद्द एव्हरेस्टने हरकत घेतली की हे नाव इथल्या लोकांना नीट उच्चारता-लिहिता येणार नाही. हरकत फेटाळली गेली आणि १८६५ साली नाव पक्के झाले. तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणतच होते, पण तिकडे जाऊन विचारण्याची सोय तेव्हा नव्हती. नागफणीच्या बाबतीत ही सबब चालत नाही. कुरवंडे खंडाळ्याहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातले, आणि मला ते अधिक शिकवणारे वाटते. मध्य ऑस्ट्रेलियाच्या सपाट वाळवंटात वालुकाश्माचा एक अवाढव्य लाल खडक आहे. तिथल्या अनंगू लोकांचा तो उलुरू. १८७३ साली विल्यम गॉस या पाहणी करणाऱ्याने त्याला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एका मुख्य सचिवाचे नाव दिले आणि तो शंभर वर्षे ‘एअर्स रॉक’ राहिला. १९८५ साली जमीन अनंगूंच्या मालकीत परत गेली. १९९३ साली दोन्ही नावे जोडून अधिकृत झाली, आधी एअर्स रॉक, मग उलुरू. २००२ साली क्रम उलटला. २०१९ च्या ऑक्टोबरात खडकावर चढणेच बंद झाले, कारण अनंगूंना ते पवित्र स्थान आहे. आपल्याकडे नागफणीवर चढू नये असे कोणी म्हणत नाही. माथ्यावरच्या महादेवाला गावकरीही चढूनच भेटतात. पण नावाच्या बाबतीत उलुरूचा तो मधला टप्पा, दोन्ही नावे ठेवून क्रम उलटण्याचा, मला शहाणपणाचा वाटतो. या पुस्तकात तोच पाळला आहे: आधी नागफणी, मग हवे तिथे ड्यूक्स नोज. संकलकांपैकी काहींना दुसरे नाव समूळ काढायचे होते. मी विरोध केला. शेकडो मुलांनी ज्या नावाखाली पहिला दोर बांधला ते पुसून टाकणे म्हणजे त्यांच्या आठवणी पुसणे, आणि शिवाय अडचणीत सापडलेला कोणी ‘नोजवर अडकलोय’ असा फोन करील तेव्हा मदतीला जाणाऱ्याला ते कळले पाहिजे.

या वादात एक मौजेची गोष्ट हाती लागली. दख्खनच्या लाव्हाथरांची जी क्रमवारी आज जगभर मान्य आहे ती १९८० च्या दशकात, मुख्यतः खडकांच्या रासायनिक घटकांवरून, लावली गेली. ती लावणाऱ्यांत परदेशी भूशास्त्रज्ञ पुष्कळ होते. त्यांनी थरसमूहांना दिलेली नावे पाहा: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. भूशास्त्रात थराला तो जिथे नीट उघडा दिसतो त्या गावाचे नाव द्यायचे असा नियम आहे, म्हणून ठाकूरवाडीसारखी वाडीही आंतरराष्ट्रीय शोधनिबंधांत जाऊन बसली. सुळक्याच्या माथ्यावर ड्यूक आणि पोटात खंडाळा, ठाकूरवाडी, असा हा मामला आहे. खडकाला नाव देणारे खडकाजवळ जाऊन, तुकडा फोडून, मग गाव विचारून नाव देतात. लांबून पाहून दिलेल्या नावापेक्षा मला ही पद्धत पटते. गिर्यारोहकही खडकाजवळ जाणाराच आहे, त्याने तीच उचलावी.

पुढच्या पानांत तीन प्रकारचा मजकूर आहे. चढाईच्या वाटा, त्यांची अवघडता, कुठे कोणत्या जातीचा खडक लागतो, हे पहिल्या भागात. पावसाळ्यात ओल्या, शेवाळलेल्या कातळावर जाऊ नये आणि उन्हाळ्यात आग्या मोहोळ असलेल्या भिंतीखाली आवाज, धूर, अत्तर यांपैकी काही नेऊ नये, हे तिथे ठळक छापायला सांगितले आहे. मधमाश्यांना ड्यूक आणि नाग सारखेच. दुसरा भाग इतिहासाचा: घाटवाट, उंबरखिंड, लोहमार्ग. तिसरा भाग नावांचा, आणि तो सर्वांत पातळ आहे. सुळक्याचे मोठे नाव आपण वाचवले, पण त्याच्या अंगावरच्या बारीकसारीक जागांची नावे, गुरे जिथे थांबतात तो टप्पा, मार्चपर्यंत पाणी धरणारे टाके, मध काढायला जाणाऱ्यांची घळ, करवंदीची धार, यांची गावातली नावे जेमतेम ओंजळभर मिळाली. कड्यावर बोल्ट मारणाऱ्यांनी त्याच जागांना ‘फर्स्ट पिच’, ‘सेकंड लेज’ म्हणून भागवले आहे.

तेव्हा वाचकाला एवढीच विनंती. नागफणीला जाल तेव्हा कुरवंड्यात थोडा वेळ काढा. रानात गुरे नेणाऱ्या, लाकडे आणणाऱ्या जाणत्या बायाबापड्यांना विचारा की या टप्प्याला काय म्हणता, त्या ओढ्याला काय म्हणता. जे सांगतील ते त्यांच्याच उच्चारात, जागा नेमकी टिपून, लिहून घ्या. सांगणाऱ्याची परवानगी घ्या आणि ती नोंद संकलकांकडे पोचवा. दुसऱ्या आवृत्तीत तिसरा भाग पहिल्या भागाएवढा जाड व्हायला हवा.